सात बियांची कथा : दक्षिणेतील कॉफीचा इतिहास आणि त्याचा पुरावा

१

जुन्या मराठीत कॉफीच्या दाण्याला ‘बुंद’ किंवा ‘बुंददाणा’ म्हणत. आज हा शब्द बोलण्यातून जवळजवळ गेला असून तो कोशांतच काय तो भेटतो. अरबी भाषेत या झाडाच्या बीला ‘बुन्न’ आणि त्यापासून केलेल्या पेयाला ‘कहवा’ अशी दोन निराळी नावे आहेत. मराठीने पहिले नाव उचलले ते अरबी समुद्रावरील व्यापाराच्या वाटेने. दुसरे नाव तुर्कस्तान आणि युरोप असा मोठा वळसा घालून इंग्रजीबरोबर ‘कॉफी’ या रूपाने आपल्याकडे आले. एका वस्तूला आलेल्या या दोन नावांवरून एवढे तरी निश्चित म्हणता येते की, या दाण्याची ओळख आपणांस करून देण्याचे सर्व श्रेय इंग्रजांकडे जात नाही.

या विषयाकडे आम्ही वळलो त्याचे कारण एका वर्गात घडले. दक्षिणेत कॉफी कशी आली हे सांगताना आम्ही वर्षानुवर्षे एकच कथा सांगत आलो : बाबा बुडन नावाचे एक सूफी साधुपुरुष मक्केच्या यात्रेहून परत येताना येमेनमधील मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया गुप्तपणे घेऊन आले आणि चिकमगळूरजवळच्या चंद्रद्रोण पर्वतावर त्यांनी त्या पेरल्या. कोणी म्हणतात त्या दाढीत लपविल्या होत्या, कोणी म्हणतात पोटाशी बांधल्या होत्या. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, “गुरुजी, बिया लपवून आणल्या, तर त्या सातच होत्या हे कोणाला कळले?” वर्ग हसला, आम्हीही हसलो. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते आणि ते नसताना आम्ही ती कथा इतिहास म्हणून शिकवीत होतो, ही गोष्ट मनाला लागून राहिली. पुढील विवेचन हे त्या विद्यार्थ्याला उशिरा दिलेले उत्तर आहे.

२

प्रथम कथेकडेच पाहू. ती सांगणारे ग्रंथकार पुष्कळ आहेत, पण कालाविषयी त्यांचे एकमत नाही. कोणी ही घटना इ. स. १६०० च्या सुमारास घालतात, कोणी १६७० मध्ये, तर कोणी १६९५ मध्ये. जवळजवळ शंभर वर्षांचे हे अंतर आहे. एखाद्या घटनेचा समकालीन लेख उपलब्ध असता तर एवढी तफावत पडली नसती. सात हा आकडाही सहज आलेला नसावा. इस्लामी परंपरेत तो पवित्र मानला आहे. काबेच्या प्रदक्षिणाही सातच असतात. यात्रेहून परतणाऱ्या साधूच्या कथेत नेमका हाच आकडा यावा, हे कथेच्या धर्माला धरून आहे.

दुसरी गोष्ट अशी की, कॉफीच्या इतिहासात ही कथा एकटी नाही. इथिओपियातील एका गुराख्याच्या शेळ्या लाल फळे खाऊन नाचू लागल्या, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु या जातीची कथा युरोपात प्रथम छापली गेली ती १६७१ मध्ये, रोममधील फाउस्टस नैरोन या पंडिताच्या पुस्तकात. तोवर येमेनमध्ये कॉफीचे पान सुरू होऊन दोनशे वर्षे होत आली होती. १७२३ च्या सुमारास द क्लिय नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने मार्टिनिक बेटावर रोप नेताना आपल्या वाट्याचे पाणी त्या रोपाला पाजले, अशी कथा फ्रेंच सांगतात. १७२७ मध्ये पाल्येता नावाच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याला फ्रेंच गयानाच्या गव्हर्नराच्या पत्नीने फुलांच्या गुच्छात बिया लपवून दिल्या, असे ब्राझीलमध्ये सांगतात. या सर्व कथांची घडण एकच आहे. एक निषिद्ध वस्तू, एक धाडसी माणूस, एक युक्ती आणि त्यानंतर एका संपूर्ण देशाचे भाग्य. व्यापाराच्या अनेक खटपटी, अनेक फसलेले प्रयत्न आणि अनेक अज्ञात माणसे या एका माणसात विरून जातात. लोकांच्या स्मृतीची ही रीतच आहे.

तथापि, कथा साचेबंद आहे म्हणून ती सर्वस्वी खोटी ठरत नाही. तिच्यातील कोणता भाग पुराव्याला टिकतो हे पाहणे, एवढेच इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे.

३

कॉफीचे झाड, ज्याला लिनीअसने १७५३ मध्ये ‘कॉफीया अराबिका’ हे नाव दिले, ते नावाप्रमाणे अरबस्थानचे नाही. त्याचे मूळ ठिकाण इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडील डोंगराळ अरण्यांत आहे. तेथून ते तांबडा समुद्र ओलांडून येमेनमध्ये गेले. पंधराव्या शतकात तेथील सूफी साधक रात्रीच्या जपाच्या वेळी झोप येऊ नये म्हणून कहवा पीत असत. पुढे मक्का, कैरो आणि इस्तंबूल असा त्याचा प्रसार झाला व मोखा बंदर या व्यापाराचे नाक बनले. मक्केचे यात्रेकरू आणि सुरत, मलबार येथील व्यापारी याच समुद्रमार्गाने जात-येत असल्यामुळे हिंदुस्थानात कहवा पोहोचणे अगदी स्वाभाविक होते. सर टॉमस रो याच्याबरोबर जहांगिराच्या दरबारी आलेला पाद्री एडवर्ड टेरी हा १६१६ ते १६१९ या काळात येथे होता. मद्य वर्ज्य मानणारे धर्मनिष्ठ लोक कॉफी पितात, अशी नोंद त्याने केली आहे. म्हणजे पेय म्हणून कॉफी सतराव्या शतकाच्या आरंभी येथे परिचित होती. झाड म्हणून ती केव्हा रुजली, हा खरा प्रश्न उरतो.

याचे उत्तर म्हैसूरच्या कागदांपेक्षा डचांच्या व्यवहारात अधिक स्पष्ट सापडते. १६९६ मध्ये मलबारचा डच अधिकारी आद्रियान व्हान ओमेन याने कॉफीची रोपे जावा बेटावर बटेव्हियाला पाठविली. ती पुरात नष्ट झाली, तेव्हा १६९९ मध्ये हेन्रिकस स्वार्देक्रोन याने मलबारातूनच पुन्हा रोपे नेली आणि ती जगली. त्यांच्या संततीतले एक रोप १७०६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या वनस्पतिउद्यानात पोहोचले. तेथील एक झाड १७१४ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईस भेट म्हणून देण्यात आले आणि त्याच्या वंशातून पुढे वेस्ट इंडीज व दक्षिण अमेरिकेतील मळ्यांचा मोठा भाग उभा राहिला. अमेरिका खंडात पिकणाऱ्या पुष्कळशा कॉफीचे कूळ अशा रीतीने मलबारच्या किनाऱ्यापर्यंत येऊन भिडते, आणि अलीकडच्या आनुवंशिक परीक्षणांनीही याच मताला बळकटी आणली आहे.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, कॉफीचे झाड लावल्यापासून फळ धरण्यास तीन-चार वर्षे लागतात. १६९६ मध्ये मलबारातून रोपे पाठविता येत होती, तर तेथे फळती झाडे निदान काही वर्षे आधीपासून असली पाहिजेत. म्हणून बाबा बुडनांनी १६९५ मध्ये प्रथम बी आणले, हे मत टिकत नाही. १६७० किंवा त्याच्या आधीचा काळ या पुराव्याशी जुळतो. दुसरा निष्कर्ष कथेच्या भक्तांना तितकासा रुचणार नाही. डचांची रोपे चंद्रद्रोण पर्वतावरून खाली आली होती की अरब व्यापाऱ्यांनी किनाऱ्यावरच लावलेल्या झाडांची होती, हे या नोंदींवरून ठरत नाही. कॉफीच्या बीची उगवणशक्ती फार टिकत नाही, ती काही महिन्यांतच झपाट्याने घटते. परंतु मोसमी वारा अनुकूल असता मोख्याहून मलबारला गलबत काही आठवड्यांत येई. तेव्हा जिवंत बी येणे अवघड नव्हते आणि ते एकदाच, एकाच माणसाबरोबर आले असे मानण्याचेही कारण नाही.

मग बाबा बुडनांचे काय? चंद्रद्रोण पर्वताला त्यांचे नाव मिळाले आहे. तेथील गुहेस हिंदू दत्तात्रेयाचे पीठ म्हणून आणि मुसलमान साधूचा दर्गा म्हणून मानीत आले आहेत. त्या स्थानाविषयीचा वाद न्यायालयांपर्यंत गेला असून त्यात शिरण्याचा आमचा हेतू नाही. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, म्हैसूर प्रांतातील कॉफीची जुनी लागवड याच पर्वताभोवती होती. इंग्रज मळेवाले तेथे येण्यापूर्वी घरामागच्या परसात, जंगलाच्या सावलीत कॉफीची झाडे वाढत होती. तेव्हा किनाऱ्यावरून डोंगरावर हे झाड नेण्याचा मान कोणा साधूला किंवा त्याच्या शिष्यपरंपरेला असणे शक्य कोटीतले आहे. सात बिया हा अलंकार. डोंगरावरची जुनी झाडे हे वास्तव.

४

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही लागवड घरगुती स्वरूपाचीच राहिली. म्हैसूर सरकार उत्पन्नाचा निम्मा वाटा घेई. पुढे ती पद्धत जाऊन ‘हलत’ नावाचा कर आला. तो आधी मणामागे एक रुपया, मग आठ आणे आणि शेवटी चार आणे, असा उतरत गेला. कर उतरला तशी लागवड वाढली. १८३० च्या सुमारास कॅनन नावाच्या इंग्रजाने बाबा बुडन डोंगरांच्या दक्षिणेस मळा घातला. १८३१ मध्ये म्हैसूरचा कारभार कंपनी सरकारने हाती घेतला, १८३४ मध्ये कोडगू खालसा झाले आणि १८५४ मध्ये मडिकेरीजवळ पहिला युरोपीय मळा उघडला गेला. मुंजराबाद, चिकमगळूर, कोडगू, वायनाड आणि निलगिरी या पट्ट्यात त्यानंतर जंगलतोडीची लाटच आली.

या लाटेत आलेले साहेब बहुधा सिलोनचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवून आले होते. तेथे सगळे जंगल तोडून उघड्या उन्हात कॉफी लावीत. पहिली काही वर्षे पीक भरघोस येई आणि त्यामुळे सावलीत कॉफी लावणारे देशी बागाईतदार अडाणी ठरत. परंतु १८६० नंतरच्या दशकात उघड्या मळ्यांवर खोडकिड्याचा घाला आला. हा भुंगा झाडाच्या सालीत अंडी घालतो आणि अळी आतून खोड पोखरते. मद्रास सरकारने चौकशीसाठी डॉ. जॉर्ज बिडी यांना नेमले. त्यांनी मळे फिरून पाहिले, तेव्हा जेथे सावली काढून टाकली होती तेथेच नाश सर्वांत अधिक झालेला आढळला, आणि त्यांनी सावलीची शिफारस केली. साहेबांनी जे अज्ञान म्हणून मोडीत काढले होते, ते सरकारी अहवालाने शास्त्र म्हणून परत आणले.

त्याच सुमारास दुसरे संकट आले. १८६९ मध्ये सिलोनात कॉफीच्या पानांवर नारिंगी भुकटीचे ठिपके दिसू लागले. हा तांबेरा, ‘हेमिलिया व्हास्टाट्रिक्स’ नावाची बुरशी. वीस वर्षांत तिने सिलोनची कॉफी जवळजवळ संपविली व ते बेट चहाकडे वळले. तांबेरा दक्षिण हिंदुस्थानातही आला. ‘चिक’ नावाची जुनी जात त्यात आणि खोडकिड्यात गेली आणि तिच्या जागी कोडगूच्या बियांची लागवड झाली. परंतु येथील कॉफी सिलोनसारखी समूळ बुडाली नाही. याची कारणे अनेक असली, तरी सावलीच्या छत्राखाली केलेली लागवड हे त्यांतील एक मुख्य कारण मानावे लागते. आजही कर्नाटकातील मळ्यात शिरले की प्रथम दिसते ते अरण्यच : शिसव, फणस, उंबराच्या जातीची झाडे, पांगारा, सिल्व्हर ओक आणि त्यांच्या खोडांवर चढलेल्या मिरवेली. कॉफी त्यांच्या खाली, माणसाच्या उंचीची छाटलेली, असते.

रोगाशी झालेल्या झगड्यातूनच संशोधनही जन्मले. केंट नावाच्या मळेवाल्याने विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या मळ्यात एक निरोगी झाड हेरले व त्याची जात पसरविली. १९२५ मध्ये म्हैसूर सरकारने बाळेहोन्नूर येथे कॉफीचे प्रयोगक्षेत्र उभारले. तेथे तयार झालेला ‘एस. ७९५’ हा वाण १९४० नंतरच्या दशकात बागाईतदारांना मिळाला आणि अनेक वर्षे तो भारतीय अराबिकाचा आधार ठरला. तांबेऱ्याला न जुमानणारी दुसरी जाती, रोबस्टा, ही विसाव्या शतकाच्या प्रारंभी सखल मळ्यांत आली आणि आज देशाच्या कॉफीत तिचाच वाटा सुमारे दोन-तृतीयांशाहून अधिक आहे. एकूण पिकापैकी सुमारे ७० टक्के कर्नाटकात होते. महाराष्ट्रात विदर्भातील चिखलदऱ्याला थोडी कॉफी पिकते, हे अनेकांस नवल वाटेल. पण तेथील उंची आणि गारवा पाहिला की नवल राहत नाही.

५

आता पेल्यापर्यंत येणाऱ्या वाटेकडे वळू. कारण कॉफीचा इतिहास हा पुष्कळ अंशी तिच्यावर होणाऱ्या संस्कारांचा इतिहास आहे.

फाल्गुन-चैत्राच्या सुमारास वळवाची एक चांगली सर आली की नऊ-दहा दिवसांनी सगळा मळा एकाच वेळी पांढऱ्या फुलांनी भरतो आणि मोगऱ्यासारखा सुगंध सुटतो. या पावसाला मळ्यांत ‘फुलोऱ्याची सर’ म्हणतात. ती चुकली की वर्ष चुकले. अराबिकाचे फळ तयार होण्यास आठ-नऊ महिने लागतात, रोबस्टाला त्याहून दोन-एक अधिक. नोव्हेंबरपासून अराबिकाची आणि साधारण जानेवारीपासून रोबस्टाची तोडणी चालते. एकाच फांदीवर हिरवी, पिवळी व लाल फळे असतात. त्यांतील लाल तेवढी खुडावयाची, म्हणून एका झाडाकडे मजुरांना तीन-चार वेळा परत यावे लागते. पिकलेल्या पाच-सहा शेर फळांतून एक शेरभर विकाऊ दाणा हाती येतो, यावरून या कामातील मेहनत ध्यानी यावी.

फळाच्या आत गर, गराखाली बुळबुळीत थर, मग कागदासारखे टरफल, त्याखाली चांदीसारखा पापुद्रा आणि शेवटी एकमेकांस सपाट बाजूंनी टेकलेल्या दोन बिया असतात. ही आवरणे कशी काढावयाची, यावरून दोन पद्धती पडल्या. जुनी आणि सोपी पद्धत म्हणजे फळे तशीच खळ्यावर उन्हात पसरून दोन-तीन आठवडे वाळविणे आणि नंतर कांडून दाणा काढणे. येमेनात हीच होती आणि आपल्याकडेही प्रथम हीच आली. अशा कॉफीला व्यापारात ‘चेरी’ म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत त्याच दिवशी यंत्राने गर काढतात, दाणे हौदात एक-दीड दिवस ठेवून बुळबुळीत थर आंबवितात, मग स्वच्छ पाण्याने धुऊन टरफलासकट वाळवितात. आंबवणे कमी झाले तर दाणा चिकट राहतो, अधिक झाले तर त्याला आंबूस वास लागतो. हौदात हात घालून दाणे चोळल्यावर ते खडखडीत लागले की काम झाले, ही परीक्षा आजही चालते. वाळलेल्या दाण्यात सुमारे १० टक्के ओलावा उरावा लागतो. या पद्धतीची कॉफी चवीला अधिक स्वच्छ लागते आणि तिला भावही अधिक मिळतो. मात्र गराचे पाणी ओढ्यांत सोडल्याने नद्या नासतात, हा तिचा दोष उशिरा ध्यानात आला.

टरफल काढणे, झिलई देणे आणि आकाराप्रमाणे दाणे वेगळे करणे हे काम मंगळूर, तेल्लीचेरी, कोळिकोड, हुणसूर, चिकमगळूर, हासन येथील कारखान्यांत होत आले. किनाऱ्यावर जहाज जवळ, म्हणून आरंभी ते किनाऱ्यावर गेले. फळात एकच बी वाढली तर ती वाटोळी होते. तिला ‘पीबेरी’ म्हणतात आणि ती वेगळी काढतात. काळे, तुटके, किडके दाणे निवडण्याचे काम बायका करीत. ओळीने बसून, बोटांच्या टोकांनी, दिवसच्या दिवस.

याच किनाऱ्यावर एका अपघाताचे रूपांतर कलेत झाले. शिडाच्या जहाजातून केप ऑफ गुड होपला वळसा घालून युरोपास जाण्यास कॉफीला कित्येक महिने लागत. तेवढ्या काळात समुद्राच्या दमट हवेने हिरवट दाणा फुगून फिका सोनेरी होई व त्याची आंबट धार जाई. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, आगबोटी आल्या आणि कॉफी लवकर व हिरवीच पोहोचू लागली. तेव्हा तिकडील काही ग्राहकांना, विशेषतः उत्तर युरोपातील, जुनी चव हवीशी वाटू लागली. मंगळूरच्या व्यापाऱ्यांनी मग जून ते सप्टेंबर या काळात, उघड्या बाजूंच्या वखारींत, पावसाळी वाऱ्यापुढे कॉफी पसरून, उलथीपालथी करून, तोच परिणाम घडवून आणला. ‘मॉन्सून्ड मलबार’ या नावाने ती आजही जाते आणि २००८ पासून तिला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण आहे. प्रवासातला जो दोष होता, तो प्रवास संपल्यावर गुण म्हणून मुद्दाम घडवावा लागला. व्यापाराच्या इतिहासात असे थोडेच घडते.

एवढे सर्व होऊनही हिरव्या दाण्याला कॉफीचा वास नसतो. तो भाजल्यावर येतो. भाजताना आधी ओलावा जाऊन दाणा पिवळा होतो, मग तपकिरी; २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तो फुटल्यासारखा तडतडतो आणि आतून फुलतो. आणखी तापविला तर दुसऱ्यांदा, हलके तडतडतो व पृष्ठावर तेल दिसू लागते. पहिल्या व दुसऱ्या तडतडीच्या मधले काही क्षण म्हणजे भाजणाऱ्याची सगळी विद्या. दाण्यातील साखर आणि नत्रयुक्त द्रव्ये यांच्या संयोगातून शेकडो सुगंधी द्रव्ये तयार होतात. वजन १५ ते २० टक्के घटते आणि आकार मात्र दीडपट-दुपटीला जातो. भाजलेला दाणा काही आठवड्यांत आणि दळलेली पूड त्याहून कितीतरी लवकर वास गमावते. म्हणून दक्षिणेत हिरवा दाणा घरी आणून लोखंडी कढईत भाजण्याची व लहान चक्कीत दळण्याची रीत होती आणि पुढे गल्लीतल्या दुकानातून ताजी पूड आणण्याची पडली. त्या पुडीत चिकोरीच्या मुळाची भर पडते, आणि ही चिकोरी बहुतांशी गुजरातेत पिकते. म्हैसूरच्या कॉफीत गुजरातचे मूळ मिसळते आणि आपल्या मराठी घरांत तिच्यावर जायफळ किसले जाते. पेय एकच, पण प्रत्येक प्रांताने त्यावर आपली खूण ठेवली आहे.

६

एवढ्या लांबच्या वाटेवरील माणसे मात्र इतिहासात क्वचितच दिसतात. मळेवाल्यांनी आठवणी लिहिल्या. मुंजराबादचे रॉबर्ट एलियट यांची म्हैसूरच्या मळ्यांविषयीची पुस्तके १८७१ व १८९४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती आजही उपयोगी आहेत. मजुरांनी काही लिहिले नाही. ते लिहिण्याची सोयच नव्हती. घाटाखालच्या तुळू मुलखातून, मलबारातून, तमिळ प्रदेशातून मेस्त्री त्यांना आगाऊ पैसे देऊन आणीत. १८५९ च्या करारभंगाच्या कायद्याप्रमाणे आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला तुरुंगवासाची शिक्षा होऊ शकत असे. काम न देणाऱ्या मालकाला मात्र त्या कायद्यात तशी शिक्षा नव्हती. हा कायदा १९२५ च्या कायद्याने रद्द झाला. मळ्यांतील मजुरांच्या निवाऱ्याची, पाण्याची, औषधपाण्याची जबाबदारी मालकावर टाकणारा कायदा १९५१ मध्ये, स्वातंत्र्यानंतरच, झाला.

बाजाराचाही इतिहास असाच चढउतारांचा आहे. जागतिक मंदीत भाव कोसळल्यावर १९३५ मध्ये कॉफीवर उपकर बसवून तिचा प्रचार करणारी समिती स्थापन झाली व तिच्या वतीने १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटजवळ पहिले इंडिया कॉफी हाउस उघडले. दुसऱ्या महायुद्धात युरोपचा बाजार बंद पडला, तेव्हा १९४० चा वटहुकूम आणि १९४२ चा कायदा यांनी सर्व कॉफी मंडळाकडे जमा करण्याची पद्धत आली. ती अर्धशतक चालली. तिच्यामुळे लहान बागाईतदाराला आधार मिळाला, तसेच त्याचा माल त्याच्या हाती राहिला नाही, असेही झाले. १९९६ पर्यंत टप्प्याटप्प्याने ही पद्धत संपली. कॉफी हाउसे १९५० नंतरच्या दशकात मंडळाने बंद करावयास घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि १९५७ पासून ती स्वतः चालविली. जबलपूरच्या संस्थेने मध्य प्रदेशात ही उपाहारगृहे पसरविली. तेथील मराठी वाचकांपैकी कित्येकांची वादविवादाची पहिली शाळा तीच असेल.

आज भारतात सुमारे साडेतीन लाख टन कॉफी पिकते. १९५०-५१ मध्ये ती १९ हजार टनांच्या आसपास होती. यातील बराच मोठा भाग परदेशी जातो आणि पिकविणाऱ्यांपैकी बहुसंख्य लहान बागाईतदार आहेत. त्यांच्यापुढचे प्रश्न जुनेच, नव्या वेषात, आहेत. फुलोऱ्याची सर आता वेळेवर येईनाशी झाली आहे, उष्णता वाढली की खोडकिडा वाढतो, आणि अधिक पिकाच्या आशेने सावली विरळ करण्याचा मोह पुन्हा होतो. दीडशे वर्षांपूर्वी बिडींच्या चौकशीतून जे निष्पन्न झाले, ते वाचण्याची गरज संपलेली नाही.

तेव्हा वर्गात काय सांगावे? आमचे मत असे की, सात बियांची कथा जरूर सांगावी. पण ती कथा आहे असे म्हणून सांगावी. तिच्यापाठोपाठ १६९६ ची डच रोपे सांगावी आणि त्यांवरून काय सिद्ध होते व काय होत नाही हे मुलांनाच ठरवू द्यावे. घरामागच्या सावलीत कॉफी जोपासणारा निनावी शेतकरी सांगावा, आगाऊ पैशांनी बांधला गेलेला मजूर सांगावा आणि मंगळूरच्या वखारीत काळे दाणे वेचणारी बाई सांगावी. ज्या विद्यार्थ्याने बियांची मोजदाद विचारली होती, त्याला आता आमचे उत्तर असे : बिया किती होत्या हे कोणी मोजले नाही, बाळ, ज्यांनी त्या वाढविल्या त्यांची मोजदादही कोणी केली नाही. पहिली मोजणी आता होणे नाही. दुसरीला मात्र अजून आरंभ करता येईल.